एक नंबरचा बँड कुठला

लग्न होऊन मी काटेवाडीला आले तेव्हा पहिले सात-आठ महिने माझे थोरले दीर माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते. त्यात राग-लोभ काही नव्हता. आमच्याकडं थोरल्या दिरानं आणि धाकट्या भावजयीनं एकमेकांशी बोलायची पद्धतच नव्हती. ते ओसरीवर आले की मी आत जायची. मी अंगणात असले की ते घसा खाकरून गोठ्याच्या बाजूनं वळायचे. घरात सगळे त्यांना दादा म्हणत. मीही म्हणायची, पण माघारी. दादा साखर कारखान्यात फिटर होते. जिथं ऊस चिरडणारे मोठाले रोलर फिरतात त्या मिल हाऊसमध्ये त्यांची ड्यूटी असे. हंगामात तीन पाळ्यांमध्ये त्यांची ये-जा चाले, आणि हंगाम संपला की त्याच मशिनरीची खोलून दुरुस्ती.

मी मूळची इंदापूरची. बारामतीत हॉस्टेलवर राहून शिकले आणि पुढं बारामतीतच अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायला लागले. हॉस्टेलमध्ये माझ्या खोलीतल्या मुलीचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. तो तिला परदेशी बँडच्या कॅसेट पाठवायचा. त्यातल्या एका बँडनं मला असं काही धरलं, की परीक्षेच्या आदल्या दिवशीसुद्धा मी तो ऐकल्याशिवाय पुस्तक उघडत नसे. सासरी येताना पेटीत साड्यांच्या खाली सहा कॅसेट आणल्या होत्या. पण त्या वाजवायचं धाडस नव्हतं, म्हणून गुणगुणायची.

एका रविवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात मेथी निवडत होते आणि नकळत त्याच बँडचं एक गाणं गुणगुणत होते. शब्द नाहीत, नुसती चाल. बाहेर ओसरीवर दादा बुटांना पॉलिश करत होते. ब्रश थांबला.

"आई," ते माझ्या सासूबाईंना, म्हणजे आत्याबाईंना, म्हणाले, "तिला म्हणावं गाणं चांगलं हाय. पण तो बँड दोन नंबरचा हाय."

आत्याबाई चुलीपुढं होत्या. त्यांनी मान वर केली. "कुठला बँड? कुणाच्या लग्नाला?"

माझ्या हातातली मेथीची काडी हातातच राहिली. काटेवाडीत, आमच्या ओसरीवर, कारखान्यातल्या फिटरला ही चाल ओळखू येईल हे मला स्वप्नातही वाटलं नसतं. पण त्याहून जास्त झोंबला तो 'दोन नंबर'. मी पदर सावरला आणि म्हणाले, "आत्याबाई, दादांना विचारा, मग एक नंबरचा कुठला?"

दादांनी नाव सांगितलं. मला हसू फुटलं.

ती दोन्ही नावं मी इथं लिहीत नाही. नाव कळलं की वाचणारा लगेच एका बाजूला जाऊन बसतो आणि मग पुढचं काही ऐकत नाही, हा माझा बऱ्याच वर्षांचा अनुभव आहे. एवढं सांगते, की दोन्ही बँड परदेशातले, दोन्ही एकाच काळातले, आणि आमच्यापर्यंत पोचले तेव्हा दोघांचीही भरभराट ओसरली होती. माझ्या बँडमध्ये चाल मोठी. तीन-तीन जण मिळून गायचे, पियानो असायचा. दादांचा बँड म्हणजे गिटार आणि ड्रम, आणि घशाच्या शिरा ताणून ओरडणारा एक गायक. दादा आयटीआयला पुण्यात असताना त्यांच्या खोलीवर एक जण तो बँड दिवसभर लावून ठेवायचा. आधी डोकं दुखायचं म्हणे, नंतर त्याच्याशिवाय झोप येईना. खोली सोडताना त्यानं तीन कॅसेट दादांना दिल्या. त्या वाजवायला दादांनी ट्रॅक्टरवर टेप बसवून घेतला होता. सुट्टीच्या दिवशी ते शेत नांगरायला निघाले की शेजारच्या बांधावरून एखादा हाक मारून विचारायचा, "दादा, बेअरिंग गेलंय का ओ ट्रॅक्टरचं?" दादा सांगायचे, "बेअरिंग न्हाय, गाणं हाय."

त्या रविवारनंतर आमचं भांडण आत्याबाईंच्या मार्फत सुरू झालं. दादा ओसरीवरून बोलायचे, मी आतून. आत्याबाई मधे बसून निरोप पोचवायच्या, आणि पोचवताना त्यात आपलंही थोडं घालायच्या.

"ती म्हणती तुझ्या त्या माणसाला गाता येत न्हाय, नुसता कोकलतो."

"तिला सांग, तिच्या बँडला बँड म्हणत न्हाईत, भजनी मंडळ म्हणत्यात."

"भजनी मंडळात काय वाईट हाय रं?" हे आत्याबाईंचं स्वतःचं.

असं महिना-दीड महिना चाललं. एके दिवशी त्या निरोप सांगायला ओसरीवर गेल्या आणि इकडं दूध उतू गेलं. त्यांनी पातेलं उतरवलं, हात पुसले आणि दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आता तुमचं तुमी बोला. मला मधी घालू नका. भाऊ-भनीसारखं बोलायला काय झालंय? कुणी काय म्हनत न्हाय."

दादा ओसरीवरूनच, पहिल्यांदा थेट मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या बँडचा ड्रमवाला कच्चा हाय."

त्या दिवसापासून मी त्यांची मॅडम झाले.

दादांचं म्हणणं मशीनवाल्याचं होतं. ते म्हणायचे, गायक, गिटार ही सगळी वरची मशिनरी. ड्रम हे फाऊंडेशन. फाऊंडेशन हललं की वरचं कितीही भारी असू द्या, बोल्ट सुटणारच. "माझ्या बँडचा ड्रम ऐका. वीस मिनिटं वाजवतोय, एक सूत इकडचं तिकडं न्हाय." मी म्हणायची, सगळं ठाकठोक असलं म्हणजे गाणं होतं का? मग तुमच्या मिल हाऊसलाच बँड म्हणा. त्यावर ते मान हलवायचे, "तितं बी ताल असतो मॅडम. तुमी येऊन बघा एकदा." माझ्या नवऱ्याला यातलं काही कळत नसे. कुणी त्याला विचारलंच तर म्हणायचा, "मला दोन्ही सारखंच वाटतं," आणि मग आम्ही दोघं मिळून त्याच्यावर तुटून पडायचो.

माझ्या जाऊबाई, म्हणजे दादांच्या बायको, त्यांना मी आक्का म्हणते. आम्ही वाद घालत असलो की त्या भाकरी थापत असायच्या नाहीतर गोठ्यात असायच्या. एकदा हसत हसत म्हणाल्या, "माझ्याशी मीठ कमी झालंय हे सांगायला बी तोंड उघडत न्हाईत, आन् तुझ्याशी तास-तासभर." मीही हसले. मला ती थट्टा वाटली. आज मागं वळून बघताना त्या हसण्याची मला लाज वाटते.

मोबाईल आले तसं आमच्या वादाला नवं बळ चढलं. इतकी वर्षं आम्ही ज्यांच्यासाठी भांडत होतो त्यांना कधी वाजवताना पाहिलंच नव्हतं. कॅसेटच्या कागदावरचे बोटभर फोटो तेवढे बघितलेले. मी दादांना त्यांच्या बँडचा जुना कार्यक्रम लावून दिला. ते खाटेवर ताठ बसून बघत होते. शेवटी त्याच गिटारवाल्याचं हल्लीचं काहीतरी आपोआप सुरू झालं. टक्कल पडलेला, मानेला सुरकुत्या पडलेला एक म्हातारा खुर्चीत बसून वाजवत होता. दादांनी फोन माझ्या हातात दिला. "बंद करा," म्हणाले. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाले, "बोटं मात्र तीच हायेत." त्या दिवशी मी माझ्या बँडची बाजू घेतली नाही.

असं बरंच चाललं. मुलं मोठी होऊन शिकायला पुण्याला गेली. घरात आम्ही पाच मोठी माणसं उरलो. दादांच्या डोळ्यांवर चष्मा आला, माझ्या केसांत पांढरं आलं. आणि मग केव्हापासून ते मला नक्की सांगता येणार नाही, पण दादा वादात चुकायला लागले.

मत चुकणं वेगळं. ते हकिकतच चुकीची सांगायचे. माझ्या बँडच्या एका गाण्यात मधे बासरी आहे. दादा म्हणाले, बासरी-बिसरी काही नाही, तिथं नुसता ड्रम चालू आहे. दुसऱ्या एका गाण्याविषयी म्हणाले, "तिघं गातात म्हणता, मला तर एकच माणूस ऐकू येतो." मला वाटलं, हरायला लागले म्हणून आता खोटं बोलतायत. मी चिडायची, ते आणखी हट्टाला पेटायचे.

गेल्या वर्षीच्या थंडीत आम्ही चौघं मासे खायला भिगवणला निघालो होतो. आत्याबाई घरी होत्या. नवरा गाडी चालवत होता, दादा पुढं बसले होते, आक्का आणि मी मागं. मी माझा फोन गाडीला जोडला आणि माझ्या बँडचं माझं सगळ्यात आवडतं गाणं लावलं. त्याची सुरुवात फार हळुवार आहे. जवळजवळ अर्धा मिनिट झांजेच्या कडेवर नुसती काडी फिरत राहते, आणि लांबून एक बारीक घंटी. मग पियानो येतो.

"लावा की मॅडम," दादा म्हणाले.

"लागलंय."

"कुठं लागलंय? गाडीचाच आवाज येतोय."

"दादा, ऐका ना नीट. झांज वाजतीय."

"काय वाजत न्हाय. ह्यालाच मी म्हणतो, तुमच्या बँडला सुरुवात करता येत न्हाय. अर्धं गाणं गप बसायचं आन् लोकांनी टाळ्या वाजवायच्या."

ते नेहमीसारखे टोमणा मारतायत असं वाटून मी आवाज वाढवला. झांज आता गाडीभर किणकिणत होती. दादा माझ्याकडं वळून बघत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. ते खरोखर वाट बघत होते.

माझा नवरा, जो कधीच कुणाची बाजू घेत नाही, तो हळूच म्हणाला, "दादा, वाजतंय की."

"तूबी?"

मागून आक्का म्हणाल्या, "बारीक वाजतीया. घुंगरासारखी."

दादांनी हे ऐकलं की नाही कुणास ठाऊक, पण आमच्या तिघांचे चेहरे त्यांनी पाहिले. इतक्यात पियानो सुरू झाला. त्यांनी हात लांब करून गाणं बंद केलं. "सगळी एका बाजूची झालाय तुमी," एवढंच म्हणाले. भिगवणला हॉटेलात त्यांच्या पुढ्यातली तळलेली चिलापी तशीच गार झाली. परतीच्या वाटेवर गाडीत कुणी काही लावलं नाही.

पुढच्याच आठवड्यात माझा अकरावीला ध्वनीचा धडा होता. त्या धड्याला मी दरवर्षी एक गंमत करते. फोनवरून एक सूर लावायचा आणि तो वर वर चढवत न्यायचा. ज्याला ऐकू यायचं थांबेल त्यानं हात खाली घ्यायचा. आधी माझा हात खाली जातो. मुलांचे हात वरच असतात, आणि मॅडमना ऐकू येत नाही म्हणून वर्ग हसतो. त्या दिवशी माझा हात खाली गेला, मुलं हसली, आणि मला पुढं शिकवायचं सुचेना. दरवर्षी मीच या मुलांना सांगत आले होते, की वयानं किंवा मोठ्या आवाजानं माणसाचे वरचे सूर आधी जातात, खालचे राहतात. झांज, घंटी, बासरी गेली होती आणि ड्रम राहिला होता. दादांचं प्रत्येक चुकीचं वाक्य मला आठवलं. त्यातलं एकही खोटं नव्हतं.

घरी आले तेव्हा आक्का मागच्या अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. मी त्यांच्याजवळ बसले आणि विचारलं, "आक्का, दादांना कुकरची शिट्टी ऐकू येते?"

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. "न्हाय येत. फोन बी न्हाय. मी पाठीमागनं बोलले तर वळत न्हाईत. समोर जाऊन उभी राहिले की 'काय?' म्हणत्यात." मग म्हणाल्या, "तुझं तेवढं ऐकू येतं. तुझा आवाज शिकवून शिकवून मोठा झालाय."

"कधीपासून असं?"

"लई वर्सं झाली असतील. मला वाटायचं, कंटाळलं असतील मला. माणूस कंटाळतं की. म्हणून मीच बोलायची कमी झाले."

मी त्यांच्या पुढ्यातल्या शेंगा घेऊन फोडायला लागले.

दुसऱ्या दिवशी मी दादांना सरळ सांगितलं. गोड बोलून, फसवून डॉक्टरकडं न्यायचं मला जमलं नसतं आणि त्यांना ते आवडलं नसतं. मी म्हणाले, "दादा, त्या गाण्यात झांज आहे. तुम्हाला ती ऐकू येत नाही. कानाची तपासणी करून घेऊ."

त्यांचा चेहरा लाल झाला. "वादात जिंकायचं म्हणून मला बहिरा ठरवता व्हय मॅडम? मिलच्या दणक्यात मला बेअरिंगचा आवाज ओळखू येतो. सगळा कारखाना माझ्या कानावर चालतो."

"तो खालचा आवाज असतो दादा, तो तुम्हाला..."

"बास."

ते उठून गेले. त्यानंतर तीन आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत. नुसतं गप्प राहिले असते तर चाललं असतं. पण ते पुन्हा आत्याबाईंच्या मार्फत बोलायला लागले. "आई, तिला सांग चहा नको." आत्याबाई आता ऐंशीच्या पुढं गेल्या आहेत. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "का रं बाबा, पुन्यांदा सुरू केलं व्हय? मला आता न्हाय झेपत तुमचं टपाल वाटायचं." पण कुणाला हसू आलं नाही. इतक्या वर्षांत एकही आठवडा आमच्या भांडणावाचून गेला नव्हता. मला घरात करमेना. बाजू घ्यायला समोर कोणी नसलं की आपला बँडही आपल्याला फिका वाटायला लागतो, हे मला तेव्हा कळलं. मी त्या तीन आठवड्यांत एकही गाणं लावलं नाही.

एका गुरुवारी दुपारी कॉलेज लवकर सुटलं. मी स्कूटी आत घेतली तर शेडमध्ये दादा ट्रॅक्टरवर बसलेले दिसले. इंजिन बंद होतं, टेप चालू होता. त्यांच्याच बँडचं शेवटचं मोठं गाणं. ते दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोरच्या पत्र्याकडं बघत होते. मी हळूच घराकडं वळले, तेवढ्यात त्यांनी हाक मारली.

"मॅडम."

मी गेले.

"ह्या गाण्यात गिटार थांबल्यावर काय हाय?"

ते गाणं मी किती वेळा ऐकलं असेल. खोट काढण्यासाठी का होईना, पण पाठ होतं. मी म्हणाले, "गिटार वर वर चढत जाते. मग ती थांबते आणि शिट्टीसारखा एक सूर नुसता तरंगत राहतो. बराच वेळ. मग ड्रम येतो."

"राहतो ना तो सूर?"

"राहतो."

त्यांनी कॅसेट मागं फिरवली आणि पुन्हा लावली. गिटार चढत गेली, थांबली. तो सूर शेडमध्ये पत्र्याखाली लांबत राहिला. मला तो स्पष्ट ऐकू येत होता. दादा माझ्या तोंडाकडं बघत होते, आणि तो सूर आहे हे त्यांना माझ्या तोंडावरून कळत होतं. मग ड्रम आला आणि त्यांनी टेप बंद केला.

"न्हाय राहिला," ते म्हणाले. "माझ्यासाठी गिटार थांबली, मधी सगळं मोकळं, आन् मग डायरेक्ट ड्रम आला. म्हटलं कॅसेट घासली असंल. फोनवर बी बघितलं. तितं बी तसंच."

मी ट्रॅक्टरच्या चाकाजवळ सरकले.

"कधीपास्न न्हाय, ते बी सांगता येत न्हाय. डोक्यात पाठ होतं ना सगळं. आतनंच वाजायचं. कानाला यायची गरजच पडली न्हाय." ते खाली उतरले, हात पुसले. "तुमच्या बँडचं जाऊ द्या. पण माझ्यातलं बी गेलंय मॅडम. कधी जायचं दवाखान्यात?"

आम्ही तिघं गेलो. ते, आक्का आणि मी. बारामतीतला तो दवाखाना लहानसा होता, पण आत काचेची एक खोली होती. दादांना त्यात बसवलं, कानांवर जाड हेडफोन लावले आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आम्हाला बाहेरून काही ऐकू येत नव्हतं, फक्त त्यांचा अंगठा दिसत होता. सुरुवातीला अंगठा भराभर हलत होता. मग तो नुसता बटणावर टेकून राहिला. तपासणाऱ्या मुलीचा हात यंत्रावर चालूच होता, म्हणजे आवाज जात होते. दादा डोळे मिटून वाट बघत होते. आक्कांनी माझं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं.

तपासणीच्या कागदावरची रेघ डावीकडून, खालच्या सुरांकडून, सरळ येऊन वरच्या सुरांपाशी एकाएकी खाली घसरली होती. डॉक्टरांनी विचारलं, कामावर आवाज किती असतो, कानात बोळे घालता का. दादा म्हणाले, "मिळायचे. खिशात असायचे. बोळे घातले तर बेअरिंगचा आवाज कसा कळणार?" गेलेलं परत येणार नाही, पण कानाला ऐकू यायची मशीन लावली तर बोलणं समजेल, असं डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी एक गोष्ट सांगितली. बायकांचा आवाज, आणि त्यातून हळू बोलणाऱ्या बायकांचा, या रेघेच्या घसरलेल्या भागात येतो. दादांनी कागदावरून नजर उचलून आक्कांकडं बघितलं. आक्का पदराच्या टोकाला पीळ देत होत्या.

मशीन लावून घरी आले तो पहिला दिवस त्यांना फार जड गेला. वर्तमानपत्राचं पान उलटलं की दचकायचे. नळाचं पाणी, भाकरी थापल्याचा आवाज, आक्कांच्या बांगड्या. "एवढा आवाज करतंय का घर?" म्हणाले. दोन-चार दिवसांनी मी हिंमत करून त्यांना त्यांचं गाणं लावून दिलं. त्यांनी थोडं ऐकलं आणि मशीन काढून खिशात टाकली. "पत्र्याचा डबा बडवल्यासारखं येतंय. लावा तुमचं बी." माझंही तसंच आलं. "आता झाले दोन्ही सारखे," ते म्हणाले. माझा नवरा जे म्हणायचा तेच त्यांच्या तोंडून आलं. मी त्यांना पुन्हा दवाखान्यात नेलं. त्या मुलीनं संगीतासाठी मशीनमध्ये वेगळी सोय करून दिली. पहिल्यासारखं काही झालं नाही, पण शिट्टीचा तो सूर धुरासारखा, पुसट का होईना, येतो म्हणाले.

आक्का आता त्यांच्याजवळ बसायला लागल्या होत्या. गाणं चालू असलं की सांगायच्या, "आता झांज आली. आता घंटी." आणि एकदा त्यांच्या बँडचं एक गाणं संपल्यावर मला विचारलं, "ह्यो बाबा काय म्हणतोय गं?" मी सांगितलं, बायको सोडून गेलीय, परत ये म्हणतोय. "मग एवढं वरडून कशाला सांगतोय? अशानं कोण येईल?" दादा खळखळून हसले. बायकोच्या बोलण्यावर त्यांना असं हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

एका संध्याकाळी मी ओसरीवर वह्या तपासत होते. ते दोघं पायरीवर बसले होते. आक्का म्हणाल्या, "एक विचारू का? माझ्या आईचं बरं न्हवतं तवा मी तुमाला म्हटलं हुतं, मला चार दिस माहेरी जाऊ द्या. तुमी ड्यूटीला निघाला हुता, बूट घालत हुता. तुमी काय न बोलता गेला."

दादांनी मान वळवली. "कधी?"

"आई गेली त्याच्या आधी महिनाभर. मला वाटलं तुमची मर्जी न्हाय. मी गेलेच न्हाय. गेले तवा तिला बोलता येत न्हवतं."

मी पेन खाली ठेवलं. उठून जावं असं वाटलं, पण हलले असते तर त्यांचं बोलणं थांबलं असतं.

"मला ऐकूच आलं न्हाय," दादा म्हणाले. "देवाशपथ, मला ऐकूच आलं न्हाय गं. मी न्हाय म्हणालो असतो व्हय?"

"आता कळलं ना मला," आक्का म्हणाल्या. "एवढी वर्सं मी मनात धरून हुते."

मग दादांनी विचारलं, अजून काय काय राहिलंय सांगायचं. आक्का सांगायला लागल्या. भावाच्या लग्नात काय झालं होतं, गाभण म्हैस विकू नका म्हणून त्या कशा मागं लागल्या होत्या, धाकट्या मुलीच्या शाळेत बाई काय म्हणाल्या होत्या. मोठ्या नाहीत, साध्यासुध्या गोष्टी. एकेक सांगून त्या थांबायच्या, आणि दादा त्या त्या वेळी द्यायचं राहिलेलं उत्तर आता द्यायचे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी कारखान्यात रजा टाकली. आक्कांचं माहेर इंदापूरकडं, उजनीच्या पाण्याच्या काठाला आहे. आई नाही, पण भाऊ-भावजय आहेत. दादांनी गाडी काढली. आत्याबाईंनी विचारलं, किती दिवस? दादा म्हणाले, "चार." आक्कांनी लुगड्यांची पिशवी मागच्या सीटवर ठेवली आणि स्वतः पुढं, दादांच्या शेजारी बसल्या. मशीन ज्या कानाला चांगली बसते त्या डाव्या बाजूला.